परस्पर जमा

दिवसभर मी भंगार तोलतो.
जालन्याच्या एमआयडीसीत, मिलच्या फाटकाशी
ट्रक काट्यावर चढतो, आकडे थरथरतात, थांबतात,
मी पावती फाडतो :
भरलेलं वजन, रिकामं वजन, फरक.
चोवीस वर्षं झाली. आता माणूस समोर आला तरी
मनात आधी त्याचं रिकामं वजन येतं.

रविवारी मी मंडळीचा खजिनदार.
पंचेचाळीस घरं, वर पत्रे,
दानाच्या थैल्या मखमली, कधीकाळी लाल,
आणि एक लांबट वही.
तिच्यात एक जुना रकाना : मूठधान्य.

म्हणजे असं, की
दळण काढताना पहिली मूठ देवाची.
दाराआडच्या डब्यात मूठभर ज्वारी.
माझ्या आईचा, अलीशिबाबाईचा, पंजा मोठा.
बहात्तरला सुकडीवर दिवस काढले
तेव्हा तिनं सुकडीचीसुद्धा मूठ काढली होती,
पाळकसाहेबांना कळेना, वहीत लिहावी कुठं.

रिबकाचा हात लहान.
लग्नानंतर आठवडाभर आईनं नुसतं पाहिलं,
मग म्हणली, "तू दोन काढ."
तिनं दोन काढल्या. सव्वीस वर्षं.

यंदा उपवासकाळाच्या दुसऱ्या शनिवारी
डबा उचलला तर हात भसकन वर गेला.
माझ्या हाताला फसवणं अवघड आहे.
तरी तराजूत टाकलं : सहाशे ग्रॅम.
एरवी अडीच किलो भरतं.

"रिबका, हे काय?"
ती भाकरी थापत होती. परातीतला आवाज थांबला नाही.
"कारभारी," ती म्हणली
(तिच्या माहेरी, परतुराकडं, नवऱ्याला असंच म्हणतात)
"कारभारी, मोजलंत?"

मी तव्याकडं बघत राहिलो.

कळलं ते काट्यावरच.
तीन महिने एका मिलची भट्टी थंड आहे, ठेकेदार गायब,
पत्र्याच्या खोल्यांत परमुलखातली माणसं अडकलेली.
त्यांच्यातली एक बाई, फुलमणी,
फाटकासमोरून चक्कीकडं निघालेली,
काखेत पोर, हातात पितळी भगुलं,
काठावर कोरलेलं नाव मला खुर्चीतून वाचता आलं :
सौ. अलीशिबा.
आधी ती ज्वारी भातासारखी शिजवून घालायची पोरांना.
थापायला तिला रिबकानं शिकवलं.
हे चक्कीवाल्यानं सांगितलं. सगळ्या गल्लीला माहीत होतं.

संध्याकाळी म्हणलं, "मला सांगायचं तरी."
"उजव्याचं डाव्याला सांगू नये म्हणतात," ती म्हणली,
"आणि तुम्ही तर वहीत लिहिता."

झाकली मूठ सव्वा लाखाची.
रात्री अंथरुणात मी माझी झाकून पाहिली,
बराच वेळ.
आत काही नव्हतं. घाम आला फक्त.

दुसऱ्या दिवशी उपदेशात धनी होता, आणि त्याचा कारभारी,
ज्याला हिशेब मागितला जातो.
पाळकांनी तो शब्द उच्चारला तसं
मी बायकांच्या बाजूला पाहिलं.
रिबकानं पदर तोंडाशी धरलेला.
प्रार्थना करत असेल. किंवा हसत.

मग वही उघडली. नाव, तारीख.
मूठधान्य : सहाशे ग्रॅम.
पेन थांबलं. काट्यावर असं कधी होत नाही.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं :
बाकी परस्पर जमा.

हिशेब तपासायला त्रिभुवन गुरुजी असतात,
चष्मा कपाळावर ठेवून शोधणारे.
त्यांनी त्या ओळीखाली पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय.
पावती मागतात.
मी म्हणलं, आणतो.

आज रिबकाचा हात दुखत होता, दळण मी काढलं.
एक मूठ डब्यात.
दुसरीची तशी गरज नव्हती,
माझा पंजा आईवर गेलाय.
तरी काढली.